अग्निरोधक द्रव्यें आणि घरांतील धूळ

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवसारख्या जुन्या कापसाच्या पेठेंत आगीचें भय कोणास सांगावयास नको. तेव्हां प्लॅस्टिक व फोमच्या गाद्या सहज पेटूं नयेत म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त द्रव्यें घालतात, हें ऐकून बरेंच वाटेल. तापतांच त्यांतून ब्रोमीन सुटतो व ज्वाळेस अडवितो. युक्ति खरी, परंतु यांपैकीं पुष्कळ द्रव्यें प्लॅस्टिकशीं जोडलेलीं नसतात, नुसतीं मिसळलेलीं असतात. टेलिव्हिजनच्या जुन्या पेटींतून तीं हळूहळू धुळींत उतरतात, आणि ती धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हातावाटे तोंडांत जाते.

शरीरांत तीं चरबींत सांठतात. स्वीडनमध्यें १९७२ ते १९९७ या काळांतील मातांचें दूध तपासलें, तेव्हां यांतील एका वर्गाचें प्रमाण दर पांच वर्षांनीं दुप्पट होत गेलेलें आढळलें. थायरॉइड ग्रंथीच्या कार्यांत तीं ढवळाढवळ करतात. बालकाच्या मेंदूची वाढ तर त्याच ग्रंथीच्या रसावर अवलंबून. अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं १९७३ सालीं असलेंच द्रव्य चुकून गुरांच्या खाद्यांत गेलें, व हजारों गुरें मारून पुरावीं लागलीं.

भारत सरकारनें २०१८ सालीं अशा कांहीं द्रव्यांवर बंदी घातली. पण कायद्यानें माळ्यावरचा जुना संच नाहींसा होत नाहीं. तांब्यासाठीं त्याच्या तारा उघड्यावर जाळल्या, कीं धुरांत डायॉक्सिनसारखीं अधिकच घातक विषें निघतात. तेव्हां गृहिणीनें फरशी ओल्या फडक्यानें पुसावी, जेवणापूर्वीं मुलांचे हात धुवावे, आणि असला संच नोंदलेल्या पुनर्वापर-केंद्राकडेच धाडावा. जाळणारा चार पैसे अधिक देतो म्हणून त्यास देऊं नये.