मंजिरी खुडायची कधी?



रायपूरच्या जुन्या वस्तीत, कंकाली तलावाच्या अंगाला ब्राह्मणपारा आहे. पारा म्हणजे आपली आळी. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरला आले आणि नागपूरकरांच्या अमलाबरोबर मराठी माणसेही या मुलखात वसत गेली. शेजाऱ्यांचा तुलसी चौरा आणि मराठी घरांचे वृंदावन इथे शेजारधर्म पाळतात. कार्तिकात शेजारी एकादशीलाच ‘जेठौनी’ म्हणून उसाचा मांडव घालतात; मराठी घरात तुळशीच्या लग्नाला द्वादशी ते पौर्णिमेपर्यंत सवड असते.

लग्न थाटात होते, नवरीचे हाल मात्र वर्षभर.

तुळस तहानेने मरते त्याहून जास्त वेळा भक्तीच्या पाण्याने मरते. भर श्रावणातही सकाळचा तांब्या चुकत नाही. त्यात छत्तीसगडची कन्हार, म्हणजे काळी माती, पाणी धरून ठेवते. पिवळसर मटासी वाळली की दगडासारखी घट्ट. दोन्हीत मुळांचा जीव गुदमरतो. म्हणून कुंडी भरताना वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, तळाचे भोक खापरीने झाकावे पण बुजवू नये. मातीत बोट पेरभर खुपसून पाहावे. ओल लागली तर तांब्यातले पाणी थेंबभरच वाहावे, देव रागावत नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की हीच तुळस दोन वेळा पाणी मागते आणि दुपारी आडोसाही.

मंजिरीचे गणित वेगळे. बी धरले की झाडाचा जोर पानांवरून उतरतो, पाने बारीक होतात, खोड लाकडासारखे कडक. मंजिरी दिसताच ती पानांच्या जोडीच्या जरा वर खुडावी. त्या बेचक्यातून दोन नवे फुटवे येतात. विष्णूला रोज मंजिऱ्या वाहणाऱ्या आजीबाईंना छाटणी कुणी शिकवली नव्हती, पण त्यांची तुळस डेरेदार असायची. द्वादशीला पान तोडायचे नाही हा नेमही झाडाच्या पथ्यावरच पडतो.

हिचीच चुलत बहीण सब्जा. लिनियसने १७५३ साली तिची नोंद ‘ऑसिमम बॅसिलिकम’ अशी केली. इटलीतल्या जेनोव्हाचा पेस्टो हिच्याच पानांचा, आणि फालुद्यातले बुळबुळीत काळे दाणे हिचेच बी. पाण्यात पंधरा मिनिटांत ते फुगते. बाजारात त्याच्या शेजारी दिसणारे चिया मेक्सिकोकडचे, वेगळेच. सब्जाची पाने कोथिंबिरीच्या चटणीत निम्मी घालून पाहावीत, वाटताना मिरची कमी. आमटीत मात्र गॅस बंद केल्यावरच, नाहीतर वास उडून जातो.

पाने फ्रीजमध्ये काळी पडतात. त्यापेक्षा देठ पेल्यातल्या पाण्यात ओट्यावरच उभे ठेवावेत, पाणी एक दिवसाआड बदलावे. आठ-पंधरा दिवसांत त्यांना पांढरी मुळे फुटतात, आणि शेजारणीला द्यायला रोप तयार.