आमच्या दारातला रस्ता
(विश्वस्त संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही खाटा, शस्त्रक्रिया आणि सवलतीच्या उपचारांचा हिशेब आपणांपुढे ठेवतो. तो या अहवालात पुढे दिलेलाच आहे. आज मात्र रुग्णालयाच्या फाटकाबाहेरील रस्त्याविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. अस्थिरोग विभागात या वर्षी दाखल झालेल्या एक आजी त्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर पडल्या होत्या. सकाळी दूध आणावयास निघालेल्या. पदपथावर मोटारी उभ्या, म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या आणि मागून आलेल्या दुचाकीचा धक्का लागला. खुब्याचे हाड मोडले. गल्लीतील एका तरुणाने त्यांना रिक्षातून आणले आणि चौकशीच्या धास्तीने नाव न सांगताच तो निघून गेला. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा मदतकर्त्यास संरक्षण दिलेले आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आजी आता वॉकर घेऊन चालतात. परंतु घरातल्या घरात.

त्या मोटारी कोणाच्या होत्या, याची आम्ही चौकशी केली. बहुतेक आमच्याकडे भेटीस आलेल्यांच्या होत्या. एक आमच्याच डॉक्टरांची होती.

कोल्हापूरकरांना रस्त्याचा प्रश्न नवा नाही. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पातून शहरात सुमारे 50 किलोमीटर रस्ते झाले आणि त्यांवरील टोलविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली सारे शहर उभे राहिले. डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. त्या लढ्याचा आम्हांस अभिमान आहे. रस्त्याचे पैसे कोणी द्यावयाचे, हा वाद आपण जिंकलो. रस्ता कोणासाठी, हा प्रश्न मात्र तितक्या जिद्दीने आपण विचारला नाही. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, आणि मुख्य रस्त्यावरची कोंडी चुकवू पाहणारी वाहने तोच वेग घेऊन गल्लीत शिरतात.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी 30 किलोमीटरने येणाऱ्या चालकासमोर मूल आले, तर कोरड्या रस्त्यावर वाहन साधारण 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 ने येणाऱ्याचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तेवढे अंतर सरलेले असते. म्हणजे पहिले वाहन जेथे थांबले, तेथे दुसरे पूर्ण वेगाने आदळते. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो. आमचे शल्यविशारद तेच क्ष-किरण चित्रांत पाहतात. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचे प्राण गेले. त्यांत 74,897 दुचाकीवरील होते आणि 32,825 पायी चालणारे.

अपघात झाला की गल्लीत रातोरात गतिरोधक उभा राहतो. त्यामागील कळकळ आम्ही जाणतो. परंतु हे अरुंद, उभट उंचवटे आम्हांस नवे रुग्ण देतात. मागे एका बाजूस पाय सोडून बसलेल्या भगिनी त्यांवरून उसळून पडतात, आणि मणक्यास इजा झालेला रुग्ण रुग्णवाहिकेतून आणताना प्रत्येक उंचवट्यागणिक चालकाच्या कपाळावर घाम येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि प्रवासाच्या दिशेने 3.7 मीटर लांब, गोलाईचा असावा. त्यावरून ताशी 25 च्या वेगाने सुखरूप जाता येते. त्यावर रंगीत पट्टे आणि अलीकडे सूचनाफलकही हवा. पदपथ किमान 1.8 मीटर मोकळा असावा, असेही मानक आहे. आमच्या दारासमोर आम्ही फीत लावून मोजले. मोटारी वगळता जेमतेम 70 सेंटिमीटर भरले. चाकाच्या खुर्चीचा तेथे विचारच नको.

महापालिकेकडे आम्ही मानकाप्रमाणे गतिरोधक, ठळक झेब्रा पट्टे आणि वळणावरील उभ्या मोटारींस मनाई मागितली आहे. परंतु आपले अंगण न झाडता दुसऱ्यास केरसुणी दाखविणे बरे दिसत नाही. म्हणून विश्वस्त मंडळापुढे असा प्रस्ताव आहे की, रुग्णालयाची दर्शनी भिंत सव्वा मीटर आत घ्यावी व ती जागा पदपथास द्यावी. यात आवारातील सहा मोटारींची जागा जाते. ती आमच्या डॉक्टरांची व पदाधिकाऱ्यांची आहे. रुग्णवाहिकेची आणि अपंग रुग्णांची जागा अबाधित राहील. खर्च इमारत निधीतून करावा की स्वतंत्र देणग्या मागाव्यात, याविषयी मंडळात मतभेद आहेत. औषधांचा पैसा भिंतीवर का घालावा, असे एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. एका खुब्याच्या शस्त्रक्रियेवर, त्यानंतरच्या व्यायामोपचारांवर आणि त्या घरातील एका माणसाच्या बुडालेल्या मजुरीवर काय खर्च होतो, तो तपशील आम्ही त्यांच्यापुढे ठेवला आहे. निर्णय पुढील बैठकीत होईल.

एक अडचण उरते. आद्य देणगीदारांच्या नावांच्या शिळा याच भिंतीत बसविलेल्या आहेत. त्या जपून काढून नव्या भिंतीत बसवाव्या लागतील. त्यासाठी पाचही कुटुंबांस आम्ही पत्रे लिहिली. तिघांची संमती आली आहे. उरलेल्या दोघांकडे आम्ही येत्या आठवड्यात समक्ष जाणार आहोत.