सुट्टीनंतरची शुश्रूषा

(जागतिक परिचारिका दिनाच्या निमित्ताने नागपूर येथे एका ज्येष्ठ परिचारिकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



रुग्ण रुग्णालयातून घरी निघाला की आपण म्हणतो, ‘सुट्टी झाली’. शब्द आनंदाचा आहे. परंतु सुट्टी होते ती रुग्णालयाची. घरच्या माणसांचे काम त्याच दिवशी सुरू होते. कालपर्यंत तीन पाळ्यांतील परिचारिका ज्याच्याकडे लक्ष देत होत्या, त्याचा भार आज एका पत्नीवर, एका सुनेवर किंवा शाळकरी मुलावर येतो. त्यांची तयारी कोणी करून घेतली? याच प्रश्नाविषयी मला आज बोलायचे आहे.

नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत केवळ नागपूरकर येत नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, बालाघाटहूनही रुग्ण येतात. त्यांना ‘काही वाटले तर उद्या दाखवून जा’ असे सांगून चालत नाही.

माझ्या सेवेच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग सांगते. गडचिरोली जिल्ह्यातील एक वृद्ध शेतकरी पायाच्या जखमेसाठी दाखल झाले. मधुमेह जुना होता. जखम सुधारली, इन्सुलिन सुरू झाले आणि ऐन मे महिन्यात त्यांना सुट्टी मिळाली. कागद मीच त्यांच्या हाती दिला. ‘औषध थंड जागी ठेवा, रोज टोचा’ असे सांगितले आणि विचारले, ‘समजले ना?’ दोघांनीही मान डोलावली. पंधरा-वीस दिवसांनी ते परत आले तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून तो काढावा लागला. त्यांची पत्नी मला म्हणाली, ‘सिस्टर, आमच्या घरी फ्रिज कुठचा? उन्हाने औषध खराब झाले असेल म्हणून टोचलेच नाही.’

पाय गेला त्याला हे एकच कारण होते, असे मी म्हणणार नाही. पण ‘घरी फ्रिज आहे का?’ हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागला असता. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात बाटली कशी जपावी, हे सांगायला आणखी दोन मिनिटे लागली असती. ती अडीच मिनिटे मी दिली नाहीत. ती माउली आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते.

तेव्हापासून मी एक नियम पाळत आले. सुट्टीची तयारी रुग्ण दाखल होतो त्याच दिवशी सुरू करायची. घरी कोण आहे? शेतात कोण जाते, घरी कोण थांबते? शौचालय बसके आहे की कमोडचे? जिने किती? कागद कोणाला वाचता येतो? गावाहून बस कितीदा सुटते? ही चौकशी म्हणजे गप्पा नव्हेत. तो उपचाराचाच भाग आहे. डॉक्टर निदान करतात, फिजिओथेरपिस्ट व्यायाम देतात, आहारतज्ज्ञ पथ्य ठरवतात, समाजसेवा अधीक्षक योजनेची कागदपत्रे पाहतात. हे सारे धागे रुग्णाच्या घरापर्यंत नेऊन जोडायचे काम मात्र चोवीस तास खाटेजवळ असणाऱ्या परिचारिकेलाच करता येते.

दुसरा नियम असा, की ‘समजले ना?’ असे विचारायचे नाही. ‘करून दाखवा’ म्हणायचे. आपल्याकडे ४० युनिटच्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज लागते आणि १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी टोपणाची. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने मोजले तर मात्रा अडीचपट जाते. ही चूक कागद वाचून टळत नाही. घरच्या माणसाने आपल्यासमोर दोन-तीनदा सिरिंज भरली तरच टळते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या आयांनाही भरपूर पाणी, उन्हापासून जपणूक आणि ताप येताच दवाखाना, या गोष्टी त्यांच्याच तोंडून वदवून घ्याव्या लागतात.

हा विचार बाहेरून आलेला नाही. नागपूरला तो नवा नाही. तरुण वयात वैधव्य आलेल्या आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्यासह १९२१ साली येथे मातृसेवा संघ स्थापन केला. प्रसूतिगृहापासून सुरू झालेले हे काम पुढे मतिमंद मुले, वृद्ध आणि समाजकार्याचे शिक्षण इथपर्यंत पोहोचले. खाट रिकामी झाली म्हणजे सेवा संपली, असे त्यांनी मानले नाही.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. याच वाटेने २०११ पासून देशभरातील आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी भेट द्यायची असते. आपल्या सुट्टीच्या कागदावर त्या आशाताईंचे नाव आणि फोन क्रमांक असतो का, हे प्रत्येक सिस्टरने आज स्वतःला विचारावे.

अडचणी मला ठाऊक आहेत. रात्रपाळीत एकाच सिस्टरने सगळा वॉर्ड सांभाळल्याचे दिवस मी स्वतः काढले आहेत. म्हणून हे काम केवळ तिच्या सेवाभावावर सोडून चालणार नाही. परिचारिकांची पदे भरली पाहिजेत आणि या शिकवणीसाठी पाळीत वेळ राखून ठेवला पाहिजे.

समाजाकडेही माझे मागणे आहे. आपल्या वस्तीत कोणी रुग्णालयातून घरी आले, तर फळे घेऊन भेटायला जाणे चांगलेच. पण एक रात्र जागायला जाणे अधिक चांगले. वॉकर, एअर बेड, व्हीलचेअर नाममात्र दरात देणारे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आपल्या भागात कोठे आहे, ते माहीत करून घ्या. आणि आपल्या घरचा रुग्ण निघेल तेव्हा संकोच न करता म्हणा, ‘सिस्टर, आम्ही करून दाखवतो, तुम्ही पाहा.’

त्या दिवशी ती माउली हे म्हणाली असती, किंवा मी तिला म्हणायला लावले असते, तर कदाचित तिचा धनी आज स्वतःच्या पायांनी शेतात गेला असता.