माईक मेला म्हणण्याआधी

आम्ही चौथी शिकलेले शेतकरी, पण कीर्तन करता करता माईकची जात ओळखायला शिकलो. हातात धरायचा साधा माईक नुसत्या वायरीवर बोलतो. कंडेन्सर माईकला मात्र मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात, त्यालाच फॅन्टम म्हणतात. आवाज ज्या वायरीतून येतो, तिच्यातूनच ती वीज माईककडे जाते. म्हणून माईक मुका झाला की पोरं म्हणतात, 'मेला, नवा घ्या.' अरे, दिंडीचा पैसा माय-माउल्यांच्या पदराच्या गाठीचा!

आधी मिक्सरवरचं ४८ चं बटण पाहा. मग वायर बदला. तीन काड्यांपैकी एकीचा टाका सुटला की आवाज बारीक होतो, घुरघुरतो, नाहीतर पार बंद. बटण दाबताना, वायर काढताना आवाज खाली घ्या, नाहीतर स्पीकरात धाडकन ठोका बसतो.

कोथळीहून मुक्ताईच्या पालखीसोबत निघालं की वाटेत पाऊस लागतोच. ओल धरलेला माईक चरचरतो. तो कोरड्या फडक्यात ठेवा, चुलीपाशी नको. एवढं करूनही गप्प राहिला, तर त्याच वायरीला दुसरा चांगला कंडेन्सर लावा. तो बोलला तरच आपला गेला समजा.