वेष्टनावरचे शब्द आणि आतले अन्न



हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे, हा संकेत आहे. तो थोडा बाजूला ठेवून मी आपल्या मुलांच्या डब्याविषयी बोलणार आहे. बजबजमध्ये राहून या विषयाकडे पाठ फिरवता येत नाही.

एप्रिल 2018 मध्ये येथल्या कचराभूमीवरून मृत जनावरांचे मांस नेणारी टॅक्सी स्थानिक रहिवाशांनी संशयावरून अडवली. तपास कोलकात्यातील शीतगृहापर्यंत पोहोचला आणि तेथे पाकिटबंद मांसाचा सुमारे 20 टन साठा सापडला. हा प्रकार निरीक्षकाच्या नोंदवहीतून नव्हे, रहिवाशांच्या सावध नजरेमुळे उजेडात आला. त्यानंतर शहरातील उपाहारगृहांकडे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. ज्यांचा या व्यवहाराशी काडीमात्र संबंध नव्हता, त्यांनाही झळ पोहोचली. शेजारच्या बेहाल्यात 1988 मध्ये भेसळीच्या तेलाने शेकडो माणसे पंगू झाली होती. वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल.

परंतु केवळ संताप हा पुरावा नसतो, हे दुसऱ्या एका प्रकरणाने दाखवून दिले. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे घेतलेला मॅगीचा नमुना आपल्याच कोलकात्यातील केंद्रीय अन्न प्रयोगशाळेत तपासला गेला. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 2.5 भाग असताना अहवालात ते 17.2 भाग असल्याचे नमूद झाले. 5 जून 2015 रोजी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभर विक्री थांबवली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले गेले नाही आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळांतील फेरतपासणीत शिसे मर्यादेतच आढळले आणि नोव्हेंबरमध्ये पुडे पुन्हा दुकानांत आले. कुणाला हा कंपनीचा विजय वाटेल. मला तो शासकीय प्रयोगशाळांच्या उणिवांचा पंचनामा वाटतो. तपासणीच डळमळीत असेल तर दोषी सुटतो आणि निर्दोष भरडला जातो.

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली. ‘एमएसजी घातलेले नाही’ असे वेष्टनावर छापलेले होते. वरून घातलेले नसेलही. पण शेंगदाण्याच्या प्रथिनांत, कांद्याच्या भुकटीत ग्लुटामेट मुळातच असते. वाक्य अक्षरशः खरे आणि ग्राहकाच्या मनात उमटणारा अर्थ वेगळा! भाषा शिकवणाऱ्या मला ही लबाडी शिशापेक्षाही अस्वस्थ करते.

1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने घेतली. तो 2011 पासून अमलात आहे. चुकीच्या लेबलाला तीन लाखांपर्यंत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. मोठ्या कंपनीला ही रक्कम किती जड जाते, याचा विचार आपणच करावा.

घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. म्हणून मुलांच्या बिस्किटांच्या पुड्यावर साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन अशी निरनिराळी नावे विखुरलेली दिसली, तर त्यांची मनात बेरीज करावी. चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा. मांसाहारासाठी आता तपकिरी त्रिकोण असतो, शाकाहारासाठी हिरवे वर्तुळ.

एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. कायद्याच्या कलम 40 अन्वये सामान्य ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र त्या हेतूची कल्पना विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच द्यावी लागते. अहवाल नियमाविरुद्ध निघाल्यास शुल्क परत मिळते. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या दुकानदाराला तोंडावर असे सांगणे सोपे नाही, हे मी जाणते. तरीही पालक संघाने वर्गणी काढून वर्षातून एकदा, शाळेच्या फाटकाबाहेर विकल्या जाणाऱ्या पाकिटबंद खाऊचा तरी नमुना तपासून घ्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. आणि अहवाल काहीही आला तरी तो सूचनाफलकावर लावावा.