हरत्या संघाची माणसं

(डिसेंबर २०२५ च्या स्नेहमेळाव्यात १९९५ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतलं आयटी क्षेत्र’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यातलं निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे आणि उरलेल्यांची मुलं त्यातच नोकरी करतात. त्यापेक्षा मी एका बास्केटबॉल संघाबद्दल बोलते. पी.टी.च्या सरांना आश्चर्य वाटेल. आपल्या मैदानावर खो-खोचे दोन खांब होते, बास्केटबॉलचा एकही नव्हता.

२००३ साली मी एम.एस.साठी नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत गेले. गाव राली. आजही तिथेच राहते. अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट आणि गणपती एकत्र केल्यासारखं प्रकरण. खेळणारी पोरं विशीतली, पण बघायला वीस-वीस हजार माणसं. मार्चमध्ये देशभरातल्या ६८ संघांची स्पर्धा होते. एक सामना हरला की सामान बांधायचं आणि घरी.

आमचं दुखणं शेजारचं आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना ही दोन बलाढ्य विद्यापीठं. पुरुषांच्या या स्पर्धेची नॉर्थ कॅरोलिनाकडे सहा विजेतेपदं, ड्यूककडे पाच. आमच्याकडे दोन, १९७४ आणि १९८३. एकाच घरात दोघे भाऊ बोर्डात आलेले आणि तिसरा नुसता पास, तसं.

पण त्या १९८३ ची गोष्ट ऐका. मोसमात दहा सामने हरलेला हा संघ. ४ एप्रिलला अंतिम सामना ह्यूस्टनशी. त्यांच्याकडे ओलाजुवान आणि ड्रेक्सलर, दोघेही पुढे जगप्रसिद्ध झाले. बरोबरी होती, शेवटचे काही क्षण. आमच्या व्हिटनबर्गने लांबून चेंडू टाकला, तो अपुरा पडला, आणि लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून बास्केटमध्ये घातला. ५४-५२. प्रशिक्षक जिम वाल्व्हानो मिठी मारायला कोणीतरी शोधत मैदानभर धावत सुटले. ते दृश्य आमच्याकडे अजून दाखवतात.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २५ जूनला, लॉर्ड्सवर कपिल देवच्या संघाने १८३ धावा करून वेस्ट इंडिजला हरवलं. आपण तेव्हा तीन-चार वर्षांचे. आपल्याला तो सामना आठवत नाही, पण मोठ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की आपणच पाहिल्यासारखा वाटतो. रालीतल्या माझ्या वयाच्या लोकांचंही तसंच आहे. त्यामुळे तो संघ समजून घ्यायला मला वेळ लागला नाही. एका ८३ वर जगण्याची सवय आपल्याला होतीच. आपणही पुढच्या विश्वचषकासाठी २०११ पर्यंत, २८ वर्षं थांबलो.

त्या विजयानंतर काय झालं, ते महत्त्वाचं. खेळाडूंनी फुकट मिळालेले बूट आणि तिकिटं विकल्याचं चौकशीत निघालं. १९८९ च्या डिसेंबरात संघावर कारवाई झाली आणि १९९० मध्ये वाल्व्हानोंना जावं लागलं. दोनच वर्षांनी त्यांना कर्करोग झाल्याचं कळलं. फेब्रुवारी १९९३ मध्ये, ८३ च्या विजयाला दहा वर्षं होत होती म्हणून, त्यांना त्याच जुन्या रेनॉल्ड्स सभागृहात बोलावलं. ज्या विद्यापीठातून त्यांना जावं लागलं होतं, तिथल्याच लोकांनी उभं राहून त्यांचं स्वागत केलं. मार्चमध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी, हार मानू नका, असं सांगणारं भाषण केलं आणि कर्करोग संशोधनासाठी निधी उभा करण्याची घोषणा केली. २८ एप्रिलला ते गेले. वय ४७. मित्रांनो, आपल्यातले बहुतेक जण आज ४६ चे आहेत.

माझ्या विद्यार्थिदशेत हर्ब सेंडेक प्रशिक्षक होते. २००५ मध्ये संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या कनेटिकटला हरवलं, तेव्हा आम्ही भारतीय मुलं-मुली वसतिगृहात किंचाळत होतो. सेंडेक यांनी सलग पाच वर्षं संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेलं. तरी लोक नाराज, कारण शेजाऱ्यांना हरवत नाहीत! २००६ मध्ये ते दुसरीकडे गेले. मग ८३ च्या संघातलाच सिडनी लो प्रशिक्षक म्हणून आला. घरचा माणूस, सगळे खूश. त्याच्या पाच वर्षांत संघ एकदाही त्या स्पर्धेत पोहोचला नाही. हातातल्या भाकरीला नावं ठेवली की काय होतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

त्याच काळात मला महिला संघाच्या प्रशिक्षक के याव यांचा खेळ बघायची सवय लागली. १९७५ पासून त्या तिथे होत्या, १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिलेल्या. १९८७ पासून स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. १६ फेब्रुवारी २००७ ला रेनॉल्ड्सच्या मैदानाला त्यांचं नाव दिलं गेलं आणि त्याच रात्री मुलींनी देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाला हरवलं. के याव उपचार चालू असताना बाकावर बसून होत्या. २००९ च्या जानेवारीत त्या गेल्या. आपल्या बाई ताप अंगात असताना पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायच्या, त्याची मला तेव्हा आठवण झाली होती.

आता २०२४. आमचा पुरुष संघ मोसमातले शेवटचे चार सामने हरला होता. १७ विजय, १४ पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत जायचं तर विभागीय स्पर्धा जिंकणं हा एकच मार्ग, आणि त्यासाठी पाच दिवसांत पाच सामने. उपांत्य सामन्यात व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे, काही सेकंद उरलेले, त्यांच्या खेळाडूचा फ्री थ्रो हुकला. आमच्या ओकॉनेलने धावत येऊन लांबून चेंडू फेकला. तो फळीवर आपटून आत गेला. जादा वेळेत जिंकलो. दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलिनाला ८४-७६ हरवलं. ३७ वर्षांनी विभागीय विजेतेपद! मग राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला हरवून शेवटच्या चारांत. त्याच वर्षी मुलीही शेवटच्या चारांत. दोन्ही संघ तिथे हरले. तरी घंटेचा मनोरा लाल दिव्यांनी उजळायचा, तेव्हा माझी मुलगी विचारायची, “आई, हे खरंच आपल्याच संघाचं चाललंय ना?”

आणि पुढच्याच मोसमात तोच पुरुष संघ, तेच प्रशिक्षक, १२ विजय आणि १९ पराभव. विभागीय स्पर्धेत अठरापैकी पंधरा संघांना प्रवेश होता, त्यातही आम्ही नव्हतो. प्रशिक्षकांना काढलं.

आता तर खेळाडू दर वर्षी विद्यापीठ बदलतात, त्यांना पैसेही मिळतात. ते मला गैर वाटत नाही. घाम त्यांचा आहे. पण एक सहकारी मला म्हणाला, खेळाडू वेगळे, प्रशिक्षक वेगळा, सभागृहही वेगळं, मग तू पाठिंबा देतेस कोणाला? मी बरेच दिवस यावर विचार केला. उत्तर असं सापडलं की संघात टिकून राहतात ती फक्त बघायला येणारी माणसं. हरत्या वर्षी, मंगळवारी रात्री, अर्ध्या रिकाम्या सभागृहात जी येतात, त्यांच्यामुळे तो संघ ‘तोच’ राहतो. जिंकल्यावर तर सगळेच लाल सदरा घालतात.

हे मी आज इथे सांगतेय, कारण मघाशी मुख्याध्यापक म्हणाले की आपल्या वेळी दहावीच्या चार तुकड्या होत्या, यंदा एक आहे. आपल्या बाई निवृत्त झाल्या, सर निवृत्त झाले, इमारतीचा रंगही बदलला. मराठी माध्यमाचा सध्या हरता मोसम चालू आहे. तो कधी पालटेल, मला ठाऊक नाही. देणगी आपण देऊच, यादी बाहेर टेबलावर आहे. पण शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ जानेवारीत जिल्ह्याला खेळणार आहे. गावात आणि आसपास राहणाऱ्यांनी त्या दिवशी जाऊन बसावं, एवढीच विनंती. त्या हरल्या तरी पुढच्या वर्षी परत जावं. मी रालीहून फोनवर गुण विचारत राहीन.