शंभर यार्डांचा कायदा आणि आरोग्य निरीक्षक



तंबाखूने होणाऱ्या रोगांवर उपचार करण्याची विद्या रुग्णालयात शिकता येते. परंतु तो रोग मुळात कोणाच्या हातून, कोणत्या दुकानातून आणि कोणत्या वयात माणसापर्यंत पोहोचतो हे पाहण्याची विद्या रस्त्यावरच शिकावी लागते, आणि तंजावर जिल्ह्याच्या आरोग्यसेवेत रुजू होणाऱ्या निरीक्षकांच्या प्रशिक्षणात या दुसऱ्या विद्येला अजून तिच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही. ती मिळाली पाहिजे, कारण कायदा संसदेत संमत होत असला तरी तो लागू होतो टपरीसमोर.

सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांविषयीच्या 2003 च्या अधिनियमाचे सहावे कलम अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास, तसेच कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत ती विकण्यास मनाई करते. पाचवे कलम जाहिरातीला आणि सातवे कलम वेष्टनावरील आरोग्यविषयक इशाऱ्याशिवाय होणाऱ्या विक्रीला आळा घालते. सहाव्या कलमाच्या भंगाबद्दल दंड होतो तो जास्तीत जास्त 200 रुपये. उलट 2015 च्या बालन्याय अधिनियमाच्या 77 व्या कलमानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एकाच कृत्याकडे पाहणाऱ्या दोन कायद्यांतील ही तफावत निरीक्षकाला ठाऊक असलीच पाहिजे, कारण कोणते प्रकरण जागेवरच्या दंडाने मिटवायचे आणि कोणते पोलिसांकडे सोपवायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्याच आठवड्यात उभा राहतो.

तंजावरच्या तंबाखू व्यवहाराला स्थानिक वळण आहे. कुंभकोणम् परिसराची विड्याची पाने सर्वत्र नावाजलेली आहेत, लग्नकार्यात आणि देवळात पानसुपारीला मान आहे, आणि म्हणूनच पेट्टिक्कडै, म्हणजे पेटीवजा टपरी, येथे एकाच फळीवर पाने, ‘सीवल’ म्हणून ओळखली जाणारी कातरलेली सुपारी आणि सुगंधी तंबाखू शेजारी शेजारी मांडून बसते. खाण्याच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेला वेदारण्यम् भाग 1991 पर्यंत याच जिल्ह्यात होता. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार तमिळनाडूतील प्रौढांपैकी 20 टक्के लोक तंबाखूचे सेवन करतात आणि त्यांत ओढणारे व खाणारे यांचे प्रमाण जवळजवळ सारखे आहे. महाराष्ट्रात एकूण प्रमाण 26.6 टक्के असून त्यांत ओढणारे चार टक्क्यांहूनही कमी, बाकी सारी मळणारी आणि चघळणारी मंडळी. यावरून असे दिसते की मुंबई-पुण्याच्या अनुभवावर बेतलेली तपासणीची पद्धत जशीच्या तशी कावेरीकाठी चालणार नाही. येथे विडी-सिगारेटचे पाकीट आणि तंबाखूची पुडी या दोहोंवर सारखीच नजर ठेवावी लागते.

तपासणीचे प्रत्यक्ष काम बारकाव्यांचे आहे. शंभर यार्ड हे अंतर शाळेच्या फाटकापासून रस्त्याने चालत मोजायचे नसते. नियमानुसार ते संस्थेच्या आवाराच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सरळ रेषेत, सर्व दिशांनी मोजायचे असते, आणि त्यामुळे शाळेच्या मागच्या गल्लीतले, फाटकातून कधीच न दिसणारे दुकानही बंदीच्या कक्षेत येते. दुकानात शिरल्यावर पाहायचा तो अल्पवयीनांना विक्री हा दंडनीय अपराध असल्याचे सांगणारा, किमान 60 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद असा फलक, आणि तो स्थानिक भाषेत, ठळक जागी लावलेला आहे की बरण्यांमागे उभा करून ठेवला आहे, ही नोंद. त्यानंतर वेष्टने हातात घेऊन पाहावी लागतात: दर्शनी भागाचा 85 टक्के हिस्सा सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असावा, हा नियम 1 एप्रिल 2016 पासून लागू आहे. सुटी सिगारेट विकली जाते तेव्हा हा इशारा ग्राहकाच्या नजरेस पडतच नाही, आणि खिशात मोजकी नाणी असलेला शाळकरी मुलगा सुटीच घेतो; महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. खरेदी करणारा अठरा वर्षांचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते, हे त्याला शांतपणे समजावून सांगणे हाही तपासणीचाच भाग होय.

अधिकाराची मर्यादा ओळखणे हे अधिकार वापरण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अधिनियमाच्या बाराव्या कलमाने झडतीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षकाच्या किंवा त्याच्या समकक्ष दर्जाच्या, शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यालाच दिला आहे, आणि जप्त केलेला माल जिल्हा न्यायाधीशांच्या मंजुरीशिवाय नव्वद दिवसांहून अधिक काळ ठेवता येत नाही. गुटख्याची गोष्ट आणखी वेगळी: तमिळनाडूत 2013 पासून चालत आलेली बंदी अन्नसुरक्षा कायद्याखालील आहे, ती मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून गुटखा आढळल्यास अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला तत्काळ कळवणे हाच योग्य मार्ग ठरतो. अधिकार नसताना केलेली जप्ती न्यायालयात टिकत नाही, आणि एकदा सुटलेला दुकानदार पुढच्या निरीक्षकाला जुमानत नाही.

अमेरिकेत 1992 च्या सायनार दुरुस्तीने प्रत्येक राज्यावर दुकानांची अचानक तपासणी बंधनकारक केली. 1997 मध्ये सुमारे 40 टक्के तपासण्यांत अल्पवयीनांना विक्री आढळत होती, ते प्रमाण पुढील दीड दशकात दहा टक्क्यांच्या खाली आले. तेथे गिऱ्हाईक म्हणून अल्पवयीन मुलांनाच पाठवले जाते. ती रीत येथे उचलू नये. मुलाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या कामी मुलालाच आमिष म्हणून वापरणे हे कोणत्याही आरोग्य खात्याला शोभणारे नाही, आणि फलक, अंतर, वेष्टन व जाहिरात यांच्या तपासणीस मुलाची गरजही लागत नाही. त्या अनुभवातून घ्यायचे ते तपासणीचे सातत्य: दंडाची रक्कम लहान असली तरी निरीक्षक पुन्हा येणार, याची खात्री दुकानदाराला वाटली पाहिजे. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे की पेट्टिक्कडै चालवणारी व्यक्ती बहुधा गरीब असते, अनेकदा ती विधवा किंवा वृद्ध असते, आणि टपरीवर जाहिरातीचा रंगीत फलक झळकतो तो सहसा कंपनीच्या खर्चाने. पहिल्या भेटीत नियम समजावणे, फलक लावून घेणे आणि दुसऱ्या भेटीत कारवाई करणे, हा क्रम न्यायाचा आहे; मुलाला प्रत्यक्ष विक्री होताना दिसली तर मात्र या सवलतीला जागा नाही.

या सर्व कामाचा कणा म्हणजे नोंद, आणि नोंदीच्या बाबतीत तंजावरला मोठा वारसा आहे. सरफोजी राजे दुसरे यांच्या कारकिर्दीत, 1798 ते 1832 या काळात, धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चाले, आणि नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे व उपचारांचा तपशील टिपून ठेवलेली त्या काळातील कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जपली गेली आहेत. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे आणि ते तारखेनिशी लिहायचे, ही शिस्त तपासणीच्या वहीलाही लागू आहे: दुकानाची जागा, मोजलेले अंतर, फलकाची स्थिती, हाती घेतलेल्या वेष्टनांचे वर्णन, दुकानदाराचे म्हणणे आणि त्याची सही. ‘सर्व ठीक’ एवढाच शेरा असलेली वही न्यायालयात निरुपयोगी ठरते.

म्हणून नव्या निरीक्षकांना एवढीच विनंती आहे की नियुक्ती मिळाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी आपल्या क्षेत्रातील प्रत्येक शाळेभोवतीचे शंभर यार्ड स्वतः फीत धरून मोजावेत, त्या आतील प्रत्येक तंबाखू विक्रेत्याची नोंद करावी आणि तिची एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी.